तांदळाच्या नूडल्स घरी कराव्यात का?



आजचा विषय वाचून काही जणी पुढे वाचणारच नाहीत, हे मला ठाऊक आहे. तांदळाच्या परतलेल्या चायनीज नूडल्स! आठवड्यापूर्वी आयंबिलवर लिहिणारी बाई आज हे काय घेऊन बसली, असं वाटेल. तरी वाचा. माझं मत सरळ आहे. या नूडल्स आपण घरी कराव्यात, सूर्य मावळायच्या आत कराव्यात आणि आपल्या नियमांत बसवून कराव्यात. नुसत्या ‘चायनीज’ या शब्दाला बिचकून हा पदार्थ गाडीवाल्याच्या हवाली करू नये.

आमचं झाई म्हणजे किनाऱ्यावरचं महाराष्ट्राचं उत्तरेकडचं शेवटचं गाव. पुढे लगेच गुजरात. बंदरावर बोंबील वाळत असतात, शेजार मच्छीमारांचा, आत पाड्यांवर वारली कुटुंबं, मागे बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या. शेजाऱ्यांच्या ताटाला नावं ठेवायची नाहीत, आणि आपल्या ताटात काय आहे ते मात्र डोळे उघडे ठेवून बघायचं, ही सासूबाईंची शिकवण. त्यामुळे इथे राहण्याची अडचण मला कधी वाटली नाही. अडचण वेगळीच आहे. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याकडे गर्दी होते, चायनीजच्या गाड्या लागतात, आणि आता त्यांच्यावर पाटीही असते: ‘जैन मिळेल’.

ही ‘जैन’ प्लेट बनताना एकदा शांतपणे उभं राहून बघा. कढई तीच, झारा तोच, नूडल्स उकळलेलं पाणी तेच. कांद्याची मूठ तेवढी टाकली जात नाही. मग वरून शेजवान चटणीचा चमचा पडतो, आणि ती चटणी तर लसणाचीच! गाडीवाल्याला मी दोष देत नाही. कांदा नको म्हणणारं गिऱ्हाईक म्हणजे जैन, एवढीच त्याची समजूत आहे, आणि ती आपणच करून दिली आहे. आपण पाटी वाचतो, पैसे देतो, कढईकडे बघत नाही.

आमच्या मंडळात या विषयावर बरीच खडाजंगी झाली. एक ताई म्हणाल्या, “आज नूडल्स, उद्या अंडं. बाहेरचं घरात आणायचंच कशाला?” दुसऱ्या म्हणाल्या, “नाव चायनीज, म्हणजे अभक्ष्यच.” दोघी मला वडील आहेत, तपस्या माझ्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. तरी त्यांचं मला पटलं नाही, ते का ते सांगते.

पदार्थ कुठून आला यावर भक्ष्य-अभक्ष्य ठरत असेल तर आपली अर्धी रांधणी बंद होईल. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. टोमॅटो, मका, पपई, काजू, शेंगदाणा, सगळी तिकडचीच मंडळी. आणि चिकू? डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याच्या पेट्या आपण अभिमानाने नातेवाइकांकडे पाठवतो, ते झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. इथल्या मातीत ते शंभराहून जास्त वर्षं रुजलं, इतकंच. आपल्या बाविसांच्या यादीत कुठल्याही देशाचं नाव नाही. तिथे विचार आहे तो जिवांचा, कंदाचा, मधाचा, मद्याचा, शिळेपणाचा, रात्रीचा. त्या कसोट्या लावा ना! चीन ही कसोटी कुठून आणली?

बरं, नूडल्समध्ये परकं काय आहे? चीनच्या उत्तरेत गहू पिकतो म्हणून तिकडच्या नूडल्स गव्हाच्या, दक्षिणेत भात पिकतो म्हणून तिथल्या तांदळाच्या. आपणही भातखाऊ मुलखातल्या. सिंधुदुर्गात तांदळाच्या उकडीच्या शिरवळ्या साच्यातून पाडून नारळाच्या रसाबरोबर खातात. तमिळ लोकांचं इडिअप्पम तेच. माझ्या सासरी, म्हणजे गुजराती रीतीत, तांदळाचं खिचू शिजवून त्याचे पापड लाटतात आणि सेव पाडून उन्हात घालतात. मला स्वतःला सर्वात गंमत वाटते ती सालपापड्यांची. दक्षिण चीनमध्ये रुंद पट्टीच्या ताज्या नूडल्स करतात. तांदळाचा पातळ घोल थाळीत पसरायचा, वाफवायचा, सोलून काढायचा, घडी घालून कापायचा. आपली सालपापडी उन्हात घालायच्या आधी कापली तर दुसरं काय होईल? ज्या बाईने उन्हाळ्यात सालपापड्या केल्यात तिला या नूडल्स शिकवाव्या लागत नाहीत.

“पण लसणाशिवाय चायनीज लागणार कसं?” हा दुसरा प्रश्न. तरुण सुना तर ठामपणे सांगतात की जैन चायनीज म्हणजे बेचव नक्कल. त्यांना मी एक गोष्ट सांगते. चीनमधल्या बौद्ध मठांत शेकडो वर्षं कांदा-लसणाशिवायच स्वयंपाक होतो. तिथल्या परंपरेत पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत, त्यांत लसूण, कांदा आणि त्यांची भावंडं येतात. पाचवा कोणता माहीत आहे? हिंग! आपण कांदा नाही म्हणून ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवतो, ते हिंग त्यांना चालत नाही. सहाव्या शतकात लियांग घराण्याच्या वू नावाच्या सम्राटाने भिक्षूंनी मांस आणि मद्य सोडावं असा आग्रह धरला आणि तेव्हापासून तिथल्या मठांची शाकाहारी पाककला वाढत गेली. त्यांचं सगळं आपल्याला चालणार नाही. अळंबी, कंदमुळं, सोया सॉस ते खातात. पण लसणाशिवाय चायनीज होतच नाही, हे म्हणणं खुद्द चीनमध्येच टिकत नाही. आपली मुलं ज्याला चायनीज म्हणतात ते बरंचसं कोलकात्यात आणि मुंबईत जन्मलं. मांचुरियनसुद्धा १९७५च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग यांनी केलेला प्रकार, आणि तोही आपल्या आलं-लसूण-मिरचीला धरून. म्हणजे ज्या चवीला आपण चिनी समजून घाबरतो किंवा भुलतो, ती आपल्याच बाजारातली आहे.

आता खरी पारख करायची ती बाटल्यांची आणि पाकिटांची. मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब तपासायची खोड जुनी. पाकीट हातात घेतलं की पुढचं चित्र न बघता मागची बारीक अक्षरं आधी वाचते. तुम्हीही वाचा.

हिरवा ठिपका दिसला की आपण निश्चिंत होतो. तो ठिपका शाकाहाराचा आहे, जैन आहाराचा नाही. कांदा-लसणाची पावडर हिरव्या ठिपक्यात बसते, बटाट्याचं स्टार्च बसतं, मधसुद्धा बसतो. ‘राइस नूडल्स’ लिहिलेल्या काही पाकिटांत तांदळाबरोबर टॅपिओका स्टार्च असतं. टॅपिओका म्हणजे ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो. आपल्यात काही घरी साबुदाणा चालतो, काही घरी नाही. तुमच्या घरी चालत नसेल तर तेही पाकीट चालणार नाही. उलट काही भीती फुकटच्या असतात. ६३१ आणि ६३५ या आकड्यांवरून दर वर्षी फोनवर निरोप फिरतात की यात मासे आहेत. हे चव वाढवणारे पदार्थ मांस-मासळीपासूनही बनतात आणि वनस्पतीजन्य मालापासूनही. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर आपला माल प्राणिज नाही, हे उत्पादकाने कायद्याने जाहीर केलेलं असतं. तेवढ्यापुरता ठिपका उपयोगाचा.

सोया सॉसवर मतभेद आहेत, हे मला माहीत आहे. पुष्कळ जैन घरांत तो वापरतात. आमच्या घरी नाही. पारंपरिक पद्धतीत सोयाबीन आणि गव्हावर बुरशी वाढवतात आणि मग ते मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवतात. पाणी राहिलेलं लोणचं आपण तीन दिवसांपलीकडे ठेवत नाही, मग हे कसं ठेवायचं? व्हिनेगरचंही तसंच. खरं व्हिनेगर आधी मद्य होऊन मग आंबट होतं. बाजारातलं स्वस्त व्हिनेगर ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं असतं, बाटलीवर ‘सिंथेटिक’ म्हणून लिहावंच लागतं. त्यात मद्याचा प्रश्न नाही, पण मग लिंबू काय वाईट आहे? वाडीत लिंबाचं झाड असताना ॲसिडची बाटली विकत आणायची, हा हिशेब मला जमत नाही.

इथे कोणी म्हणेल, एवढं सगळं काढून टाकल्यावर उरलं काय? उरलं ते सांगते, अगदी मापासकट.

कोलमसारखा साधा जुना तांदूळ घ्या. नवा तांदूळ चिकट होतो. धुऊन, सावलीत सुकवून बारीक दळून आणा. माझं माहेर जयसिंगपूरकडचं, दिगंबर. तिथे पिठाची मर्यादा कडक: थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. सासरी एवढं नव्हतं, पण ती सवय मी सोडली नाही, लागेल तेवढंच दळते. १ वाटी पीठ, २ चमचे कॉर्नफ्लोअर, चवीला मीठ, चमचाभर तेल आणि दीड ते पावणेदोन वाट्या पाणी. ताकाइतकं पातळ झालं पाहिजे. अर्धा तास झाकून ठेवा, जास्त नको, आंबवायचं नाही. ढोकळ्याच्या थाळीला तेलाचा हात लावून पळीभर घोल पसरा. पीठ खाली बसतं, म्हणून प्रत्येक थाळीच्या आधी ढवळायचं. ही पायरी विसरलात तर पहिली थाळी पाण्यासारखी आणि शेवटची दगडासारखी होईल. भरपूर वाफेवर ३ ते ४ मिनिटं. मध्ये फुगे आले की झालं. थाळी गार पाण्यावर टेकवा, वरून तेलाचं बोट फिरवा, कडेने सोडवून सोला, गुंडाळी करा आणि अर्ध्या बोटाच्या रुंदीने कापा. कॉर्नफ्लोअर वगळू नका. नुसत्या पिठाच्या पट्ट्या कढईत तुटतात.

रसासाठी भाजलेल्या तिळाचा कूट २ चमचे, गूळ १ चमचा, सुंठ आणि मिरपूड पाव-पाव चमचा, मीठ, एका लिंबाचा रस, पाव वाटी कोमट पाणी. ओलं आलं नाही, सुंठ चालते, हे तुम्हाला सांगायला नको. गूळ आधी लोखंडी पळीत जरा तांबूस करून घेतला तर सोया सॉसचा रंग आपोआप येतो. आणि चिमूटभर बाद्यानाची पूड. गोड्या मसाल्यातलं हे चक्रीफूल मूळचं दक्षिण चीन आणि व्हिएतनामकडचं. ते आपल्या डब्यात इतकी वर्षं बसलंय, त्याला कधी कोणी चायनीज म्हणून बाहेर काढलं नाही!

भाज्या लांब चिरा. गाजराऐवजी कच्ची पपई किंवा लाल भोपळा, शिवाय फरसबी, सिमला मिरची. कोबी घालायचाच तर एकेक पान सोडवून उजेडात बघून, आणि चातुर्मासात नाहीच. लोखंडी कढई चांगली तापू द्या, तिळाचं तेल, हिंग, चिरलेली मिरची, भाज्या २ मिनिटं मोठ्या आचेवर, मग पट्ट्या, वरून रस, दोन उलथन्यांनी खालीवर. एका वेळी एकाच माणसापुरतं करा. चौघांचं एकदम टाकलं की कढई थंड पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि पट्ट्यांचा गोळा होतो. घरी नूडल्स बिघडतात त्या बहुतेक याच घाईमुळे, सॉस नसल्यामुळे नाही.

पाचम, आठम, चौदसला लीलोतरी नाही. त्या दिवशी भाजीऐवजी शेंगदाणे, काजू आणि तीळ घालते. घरच्यांना तीच जास्त आवडते, हे सुनेचं निरीक्षण.

एक गोष्ट लक्षात घ्या. या नूडल्स ठेवून खाता येत नाहीत. शिजलेल्या तांदळातलं स्टार्च गार झालं की घट्ट होतं, फ्रीजमध्ये तर पट्ट्या कडक होऊन मोडतात. चीनमध्येही त्या ज्या दिवशीच्या त्याच दिवशी खातात. शिळं खायचं नाही हा नियम पाळायला इथे वेगळा प्रयत्न लागतच नाही.

आता वेळेचं. गाडी लागते दिवेलागणीनंतर. आमच्याकडे डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य समुद्रात जातो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे. म्हणजे गाडीवरची ‘जैन’ प्लेट कांदा-लसणातून सुटली तरी रात्रीभोजनातून सुटत नाही. याबद्दल पाटी लावणाराही बोलत नाही आणि खाणारेही. घरी केलं तर पाचला ताट वाढता येतं.

पण पाचला ताट वाढायचं तर उभं कोणी राहायचं? माझी सून नोकरी करते, घरी यायलाच तिला सहा होतात. ‘घरी करा, घरी करा’ हा उपदेश आपण सुनांना करतो आणि त्यांच्या दिवसात आणखी एक काम घालतो, हे मला मान्य नाही. आमच्याकडे हे रविवारी दुपारी होतं. थाळ्या मी वाफवते, सोलायचं काम नातवाकडे, कापायचं नातीकडे, कढईपाशी मुलगा. तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मंडळात चर्चा झाली म्हणे. होऊ द्या.

नातीचं नाव निघालंच आहे तर सांगते. तेरा वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर किनाऱ्यावर जायचं होतं. तिला सांगितलं, जा, पण गाडीवर खाऊ नकोस. ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, “बा, आपल्या धर्मात फक्त ‘नाही’च असतं का?” माझ्या मनाला हे फार लागलं. ती हट्ट करत नव्हती, तिने जे पाहिलं तेच बोलली. तिच्या कानावर पडलं होतं ते एवढंच: हे नाही, ते नाही, आता नाही. नियमामागचा विचार तिला सांगायची सवड कोणी काढली नव्हती, आणि नियम पाळून काय काय करता येतं हे तर कोणी दाखवलंच नव्हतं. आमच्या पिढीला कारण न विचारता पाळायची सवय होती. या मुलींना ती नाही, आणि त्यात मला वाईट दिसत नाही. थाळ्या सोलता सोलता तिने कंदात अनंत जीव का मानतात ते विचारलं, व्हिनेगर कसं होतं ते विचारलं, रात्री खाल्लं तर नेमकं काय बिघडतं तेही विचारलं. पाठशाळेत तिने कधी इतके प्रश्न विचारले नव्हते. ती मोठी होऊन पुण्या-मुंबईला किंवा परदेशात जाईल तेव्हा तिच्याबरोबर मी नसेन. तिच्या हातात पाकीट असेल आणि मागची बारीक अक्षरं असतील.

मंडळातल्या त्या मोठ्या ताईंचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. जिभेचे लाड हे लाडच, ते घरी केले काय नि बाहेर केले काय. रसत्यागाची गोष्ट करायची आणि दर रविवारी नवा पदार्थ, हे जुळत नाही. म्हणून आमच्याकडे नूडल्स महिन्यातून एकदा, पर्युषणात नाहीत. आणि मांसाच्या आकाराचे, मांसाच्या चवीचे ते सोयाचे तुकडे हल्ली मिळतात, ते मी घरात आणत नाही. हिरवा ठिपका असला तरी नाही. तांदळाची पट्टी कशाची नक्कल करत नाही, तो तांदूळच आहे. त्या तुकड्यांत मात्र आपण ज्यावरून नजर वळवतो त्याचीच आठवण जिभेला लावून दिली जाते. यावर वाद घालायचा असेल तर घाला, मी ऐकेन.

चैत्रात आणि आश्विनात आयंबिलची ओळी येते तेव्हा हेच पीठ पुन्हा निघतं. तेल चालत नाही म्हणून थाळीला हात न लावता ओलं सुती फडकं पसरायचं आणि त्यावर घोल ओतायचा. घोलातही तेल नाही. दक्षिण चीनमध्येही असं कापडावर वाफवायची जुनी पद्धत आहे. पट्ट्या सुटायला जरा जड जातात, फडकं उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवला की निघतात. मीठ, मिरी, सुंठ आणि हिंग एवढंच वरून. गेल्या ओळीत नातीने पहिलंच आयंबिल केलं, तेव्हा तिने याच मागितल्या. फडकं मात्र नवं, कोरं, आधी दोनदा उकळून घेतलेलं असावं, नाहीतर खळीचा वास लागतो.